पॅड नवे टाकले तरी परत तेच, एकच चाक तापायलंय? आधी जुने पॅड मागून घ्या

सोलापुरात गाडी वापरणाऱ्या बऱ्याच जणांची एकच तक्रार सारखी ऐकतो म्हणून सविस्तर लिहितोय. पुढचे ब्रेक पॅड लवकर संपायलेत, गॅरेजला जाऊन नवे टाकले की महिना दोन महिने बरं वाटतं, मग परत एका चाकातनं जळका वास, रिम हात जवळ नेला तरी गरम, मायलेज उतरलेलं, आणि हायवेला गाडी हळूच एका बाजूला ओढायला लागते. परत गॅरेज, परत पॅड. काही जणांनी तर डिस्क पण लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) घेतली, तरी तेच. असं होत असेल तर समजा की मूळ दुखणं अजून गाडीतच आहे, पॅड फक्त त्याचा मार खायलेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. पॅडल दाबल्यावर पार खाली जात असेल, किंवा डब्यातलं ब्रेक ऑइल आपोआप कमी होत असेल आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, गाडी हलवू नका, मेस्त्रीला घरी बोलवा. खाली लिहिलंय ते ब्रेक लागतोय पण नीट सुटत नाही किंवा सारखा लागत नाही अशा गाडीसाठी.

तर पहिली गोष्ट, पॅड बदलताना जुने चारही पॅड मागून घ्या, आणि कुठल्या चाकाचा कुठला, आतला का बाहेरचा, ते तिथल्या तिथं मार्करनं लिहून ठेवा. गॅरेजमध्ये पॅड काढले की सरळ भंगाराच्या डब्यात जातात आणि सगळा पुरावा तिथंच जातो. नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी जाड असतं, ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. पण किती उरलंय यापेक्षा कसं झिजलंय हे बघणं जास्त कामाचं आहे. डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन शेजारी शेजारी ठेवून बघा.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं डिस्क मागं ड्रम असतो, आणि पुढचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, सरकता असतो, म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरचा पॅड ओढून दाबतो. त्या दोन पिना सुरळीत सरकल्या तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिना अडकल्या तर पिस्टन आतला पॅड दाबतो पण कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड तेवढा दाबत नाही, म्हणून आतला पॅड पार लोखंडाला आलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक. हा नमुना दिसला की पहिला संशय पिनांवर घ्या. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा तिरका झिजला असेल तर दोनपैकी एकच पिन अडकलीय, ड्रॉवर एका बाजूनं अडकला की कसा तिरका होऊन बसतो तसंच. दोन्ही पॅड सारखेच पण दुसऱ्या चाकापेक्षा खूप जास्त झिजलेत, मटेरियल काळंनिळं पडलंय, कडा भुगा व्हायलीय, तर ब्रेकचं प्रेशरच सुटत नाहीये, तिथं पिस्टन किंवा होज पाईप बघावा लागतो. आणि पॅडवर तेलकट डाग असेल तर तो पॅड धुऊन परत लावायचा नाही, तेल कुठनं आलं ते शोधायचं आणि पॅड जोडीनं बदलायचा.

गाडी कधी ओढते हे पण नीट लक्षात ठेवा, याच्यात लोक फार गोंधळतात. ब्रेकला पाय न लावता सरळ रस्त्यावर ओढत असेल तर जे चाक जाम चालतंय त्या बाजूला ओढते (टायरची हवा आणि अलाइनमेंट आधी बघून घ्या, नाहीतर उगीच ब्रेक खोलून बसाल). पण ब्रेक लावल्यावरच ओढत असेल तर बऱ्याचदा खराबी उलट्या बाजूला असते, कारण चांगला कॅलिपर जोरात पकडतो आणि गाडी त्याच्याकडं जाते, आणि मेस्त्री मात्र ज्या बाजूला ओढते तीच बाजू खोलत बसतात.

घरी करण्यासारखी सोपी तपासणी म्हणजे सकाळी लवकर, रस्ते तापायच्या आत, एक आठ दहा किलोमीटर जाऊन या, विजापूर रोडनं सैफुलच्या पुढं किंवा होटगी रोडनं, आणि येताना ब्रेक कमीत कमी वापरा, शेवटी गाडी आपोआप वेग उतरून थांबू द्या. लगेच चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला हात लावू नका, भाजेल. ते लांबनं तापमान दाखवणारं बंदुकीसारखं थर्मामीटर कुणाकडं असलं तर उत्तम, पुढच्या दोन्ही डिस्कवर एकाच जागी मारा. दहा वीस डिग्रीचा फरक चालतो, पण एक बाजू ७० आणि दुसरी १५० दाखवत असेल तर बाजू सापडली. मे महिन्यात दुपारी हा प्रयोग करू नका, आपल्याकडं पारा ४२-४३ ला असतो तेव्हा उभ्या गाडीची रिमसुद्धा उन्हाकडच्या बाजूनं चटका देते आणि उगीच भलत्या चाकावर संशय जातो.

आता मूळ कारण शोधायचं. सपाट जागा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूनं दगड, आणि जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही, नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करणारी माणसं बघितली की मला खरंच भीती वाटते. गाडी न्यूट्रलला, चाक हातानं फिरवा. पॅड हलका घासल्याचा सर सर आवाज आला तर चालतंय, पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर जाम आहे. कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि लगेच परत फिरवा, सोडल्यावर क्षणभरात चाक मोकळं झालं पाहिजे.

जाम असेल तर पुढची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक ठिकाणी ती करतच नाहीत. चाक जाम असतानाच कॅलिपरचं ब्लीडिंग निप्पल (ऑइलमधली हवा काढायचं छोटं तोंड) किंचित सैल करा. ऑइल चिर्र करून बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं, तर प्रेशर अडकून राहत होतं. निप्पल उघडूनही चाक जामच असेल तर दोष तिथंच कॅलिपरमध्ये आहे, पिना, पिस्टन नाहीतर पॅड बसतात त्या खाचा. प्रेशर अडकत असेल तर अजून एक पायरी, परत ब्रेक दाबून चाक जाम करा आणि या वेळी रबरी होज पाईप जिथं लोखंडी नळीला जोडलाय तो जॉइंट सैल करा. इथंच मोकळं झालं तर अडचण वरच्या बाजूला, म्हणजे मास्टर सिलेंडरकडं (पॅडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देतो तो) किंवा पॅडलला थोडा मोकळा खेळ ठेवलेला नाही. इथं सैल करूनही चाक जाम आणि निप्पल उघडल्यावरच सुटतं, तर होज पाईप आतनं सुजलाय. बाहेरनं तो पाईप अगदी नवा दिसतो, पण आतलं रबर फुगून भोक इतकं बारीक झालेलं असतं की पायाच्या जोरानं ऑइल आत जातं आणि परत यायला वाट मिळत नाही. आठ दहा वर्षं जुन्या गाडीला हे होऊ शकतं. बदलताना दोन्ही बाजूचे पाईप एकदमच बदला, एकीकडं नवा एकीकडं जुना ठेवू नका.

आमच्या मोठ्या भावाच्या गाडीचं असंच चाललं होतं. तो कामानिमित्त बार्शी, मोहोळ, मंगळवेढा असा सारखा फिरतो, ऊस सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या, दर दोन मिनिटाला ब्रेक. डावीकडचे पॅड सारखे संपायचे आणि गॅरेजमधनं दर वेळी एकच उत्तर, “अण्णा, तुमचं रनिंगच तेवढं आहे की.” पण रनिंग दोन्ही चाकांचं सारखंच असतं ना, मग उजवीकडचे पॅड तसेच कसे? म्हणून त्याला जुने पॅड घेऊन यायला सांगितलं. डावा आतला पत्र्याला टेकलेला, बाहेरचा अर्ध्याच्या वर शिल्लक. निप्पल सैल केलं, चाक जामच. कॅलिपर उघडला तर खालच्या पिनेचं रबरी बूट फाटलेलं, आत काळ्या मातीचा घट्ट थर आणि त्यावर कुणीतरी बेअरिंगचं साधं ग्रीस भरलेलं, पिन उपटून काढायला पाना लावावा लागला. दोन पिना, दोन बूट आणि थोडं योग्य ग्रीस, एवढ्यावर काम झालं. डिस्कला काही झालं नव्हतं.

त्या ग्रीसबद्दल जरा थांबून सांगतो कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. कॅलिपरच्या पिनेला फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लागतं, छोटी पुडी किंवा ट्यूब पार्ट्सच्या दुकानात मिळते. साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं, त्यानं ब्रेकची रबरं फुगतात, पिना दोन महिन्यात परत जाम. म्हणजे सर्व्हिस करताना “ग्रीसिंग केलं” हे खरंच असतं आणि त्याच ग्रीसनं दुखणं परत येतं. तसंच पेट्रोल, डिझेल, रॉकेलनं कॅलिपर धुतात, ते पण रबराला घातकच. ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरा, आणि पिस्टनचं सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल बोटानं लावा, दुसरं काही नको. ग्रीस ठासून भरायचं पण नाही, पिनेच्या भोकात तळाशी गच्च भरलं की आत हवा कोंडते आणि पिन दाबली की परत बाहेर ढकलली जाते. पातळ थर बास. आणि काढताना बघून ठेवा, बऱ्याच गाड्यांत दोन पिना एकसारख्या नसतात, एकीला टोकाला रबराची बारीक नळी असते, ती वरची का खाली हे गाडीप्रमाणं वेगळं, अदलाबदल झाली की परत जाम किंवा खडखड.

पिना चांगल्या असतील तर पॅड ज्या खाचेत सरकतात ती जागा बघा. तिथं स्टीलच्या पातळ पत्र्याच्या क्लिपा असतात, त्यांच्याखाली गंज फुगतो आणि खाच अरुंद होते, नवा पॅड हातोडीनं ठोकून बसवायची वेळ येते. पॅड हातानं सरकला पाहिजे, ठोकावा लागला तर तो बसलेलाच नाही असं समजा. क्लिपा काढा, खालचा गंज वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासा, शक्य झालं तर नव्या क्लिपा टाका. काही ठिकाणी आवाज करतात म्हणून क्लिपा काढून टाकलेल्या पण बघितल्यात, असं अजिबात करू देऊ नका.

पिस्टनचं म्हणाल तर त्याला मागं ओढणारी स्प्रिंग वगैरे काही नसते. चौकोनी कापाचं एक रबरी सील असतं, ब्रेक दाबला की ते किंचित वाकतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागं घेतं. तेवढ्या केसभर फरकावर सगळं चाललेलं असतं, म्हणून सील कडक झालं किंवा पिस्टनवर गंजाचे डाग पडले की चाक जाम. धुळीचं बूट फाटलं की वॉशिंग सेंटरचं पाणी थेट आत जातं. पिस्टनला खड्डे पडले असतील तर नुसतं सील किट टाकून उपयोग नाही, पिस्टनसकट बदला. पिस्टन आत ढकलताना निप्पलला पारदर्शक नळी लावून ते थोडं उघडा आणि मग ढकला, म्हणजे कॅलिपरमधलं घाण ऑइल उलटं एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये जाणार नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडं नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं हे आता बहुतेकांना लागू आहे. मागं पण डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर तो पिस्टन बऱ्याचदा फिरवत आत न्यावा लागतो, जोरानं दाबलात तर तुटेल.

आता ब्रेक ऑइल. हे हवेतली ओल शोषून घेतं, डबा बंद असला तरी होज पाईपमधनं हळूहळू ओल शिरतेच. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड) नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळायला नको आणि ओल शोषल्यावर १५५ पर्यंत तरी टिकायला पाहिजे, असं मानक आहे, डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. आता जाम चालणारं चाक आणि चार पाच वर्षं न बदललेलं ऑइल एकत्र आलं, आणि तुळजापूरचा घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय, तर त्या एका कॅलिपरमध्ये ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते पण चाक पकडत नाही, आणि पॅडल मऊ होऊन खाली जातं. गाडी गार झाली की परत सगळं ठीक. गॅरेजला नेल्यावर “काहीच नाही ओ, ब्रेक मस्त आहे” म्हणतात ते यामुळंच. पॅडल कडकच आहे पण गाडी थांबत नाही आणि वास येतोय, असं झालं तर मात्र पॅड तापून पकड सुटलीय. दोन्ही वेळेला थांबून गार होऊ द्यायचं, डिस्कवर पाणी ओतायचं नाही. घाटात ज्या गिअरमध्ये चढता त्याच्या आसपासच्या गिअरमध्येच उतरा, आणि उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणं कृपा करून सोडा, इंजिन बंद झालं की पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत दोन चार दाबात संपते आणि पॅडल दगडासारखं होतं. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट उष्णता ब्रेकला घ्यावी लागते, ४० आणि ८० मध्ये हा एवढा फरक आहे.

ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली तरी. पाण्याचं प्रमाण दिवस जातील तसं वाढतं, किलोमीटरप्रमाणं नाही. झाकणावर जो डॉट नंबर छापलाय तोच टाका, फोडलेली बाटली वर्षभर कपाटात ठेवून परत वापरू नका, आणि त्यात चुकून इंजिन ऑइल पडलं तर सगळी रबरं जातात. पॅड झिजले की डब्यातली लेव्हल थोडी खाली येतेच, ते नैसर्गिक आहे. ती बघून आधी काठोकाठ भरलं तर नवे पॅड टाकताना ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग खातं.

कॅलिपर काढून परत लावलाय आणि तेव्हापासनं पॅडल मऊच लागतंय, कितीही हवा काढली तरी, तर निप्पल वरच्या बाजूला आहे का बघा. डावा कॅलिपर उजवीकडं बसवला की निप्पल खाली येतं, हवा वर अडकून राहते, दिवसभर ब्लीडिंग केलं तरी निघत नाही. हवा काढताना डबा रिकामा होऊ द्यायचा नाही, एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांना स्कॅनर लावूनच काढावी लागते.

स्टेअरिंग थरथरण्याचं थोडक्यात सांगतो. ८० च्या पुढं ब्रेक लावल्यावर थरथरतं, डिस्क फेस केली, परत सुरू झालं, असं असेल तर डिस्क आणि ती ज्यावर बसते त्या हबच्या मधला गंज साफ केला होता का विचारा. तिथं गंजाचा कण राहिला की डिस्क किंचित डोलते आणि काही हजार किलोमीटरमध्ये एका जागी पातळ होते. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर, हातपान्यानं आवळले पाहिजेत. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, लेथवर देण्याआधी ती मोजून बघा, त्याच्या खाली गेली तर फेस मारण्यात अर्थ नाही, जोडी बदला.

मागच्या ड्रमला पण विसरू नका. मागचे शू (ड्रमला आतनं घासणारे ब्रेक) नीट ॲडजस्ट नसले, हँडब्रेक फारच वर येत असेल, तर मागचा वाटा पण पुढचेच ब्रेक उचलतात. ड्रम उघडल्यावर ती काळी धूळ हवेच्या पाईपनं उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानं पुसायची, तोंडाला मास्क. गाडी धुऊन लगेच चार दिवस हँडब्रेक ओढून ठेवली तर शू ड्रमला चिकटतात, त्यामुळं धुतल्यावर एक फेरी मारून ब्रेक वाळवून मगच लावा. आणि पुण्याहून चार पाच तास चालवून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर वॉशिंगचा फवारा नको, अर्धा तास थांबा.

काम झाल्यावर गाडी सुरू करून जागेवरच पॅडल चार पाच वेळा पूर्ण दाबा, पहिल्या दाबाला ते खालीच जाणार, पॅड डिस्कला टेकल्यावर कडक होणार, त्याआधी गिअर टाकायचा नाही. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरनं १५ च्या आसपास मध्यम ब्रेकनं आठ दहा वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं गार व्हायला वेळ द्या, आणि तापलेले असताना पॅडल दाबून उभं राहू नका. पुढचे दोनतीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणं टाळा.

त्यानंतर पुढच्या सर्व्हिसला, साधारण पाच सहा हजार किलोमीटर झाल्यावर, दोन्ही पुढची चाकं काढून चारही पॅड मोजून घ्या आणि बिलाच्या मागंच आकडे लिहून ठेवा. आतला आणि बाहेरचा एक मिमीच्या आत सारखे असतील तर काम बसलं. त्याच बाजूचा आतला परत जास्त उतरला असेल तर आता नुसत्या पिनांवर थांबू नका, पिन बसते ती ब्रॅकेटची भोकं आतनं गंजून खराब झालेली असतात, ब्रॅकेटसकट बदलायला सांगा.